मागच्या बाकावरचा युरोप

अच्युतराव बक्षी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी विद्यापीठात गेले ते झोपायला. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नंतर सुदामानगरात या गोष्टीचे इतके अर्थ निघाले, की खुद्द अच्युतरावांनाही आपण काहीतरी थोर काम करतो आहोत असा संशय येऊ लागला होता.

त्यांची झोप बायकोबरोबर, कुमुदिनीबरोबर गेली. दिवाळीच्या तोंडावर कुमुदिनी गेली, आणि दिवसा फारसा फरक पडला नाही असं ते भेटायला येणाऱ्यांना सांगत. पोळ्यांना बाई होती, वर्तमानपत्र येत होतं, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत वेळेवर दारात येत होती. फरक पडायचा तो दिवा मालवल्यावर. लग्न झाल्यापासून त्या दोघांची एक पद्धत होती. दिवा मालवला की कुमुदिनी बोलायला लागायची. महूच्या मावशीच्या जावेनं काय केलं, बडा गणपतीजवळच्या कोणा वहिनींची सून माहेरी जाताना कुठली साडी घेऊन गेली, ती साडी मुळात कोणाची होती. तिला बोलायचं असायचं, यांना झोपायचं असायचं. चार वाक्यं होईपर्यंत अच्युतराव झोपलेले असत. ती तशीच पुढे बोलत राही. दोघांचीही काही तक्रार नव्हती.

आता दिवा मालवला की नुसता अंधार व्हायचा. त्यात झोप येण्यासारखं काही नव्हतं.

झोप येत नाही ही गोष्ट माणसानं चारचौघांत सांगू नये. अच्युतरावांनी ती फक्त शेजारच्या चिंतामणराव मुजुमदारांना सांगितली, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या गल्लीला कळली. समोरच्या मनोरमाबाई काशाची वाटी आणि गाईचं तूप घेऊन आल्या आणि तळपाय कसे घासायचे ते दाखवून गेल्या. अच्युतरावांनी घासले. झोप आली नाही, मुंग्या आल्या. बंगळूरहून त्यांच्या मुलीनं, शमिकानं, फोनवर समुद्राचा आवाज ऐकवणारं काहीतरी चालू करून दिलं. अच्युतरावांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेलेली. कुठेतरी पाणी वाहतंय म्हटल्यावर ते पडून राहणं शक्यच नव्हतं. घरातले सगळे नळ ते पुन्हा पुन्हा उठून तपासत राहिले. चिंतामणरावांचं म्हणणं पडलं की मनातल्या मनात शहरातल्या टाक्या मोजाव्यात. ते त्यांनी केलं, पण एका टाकीपाशी आल्यावर तिच्या व्हॉल्व्हची दुरुस्ती आपण निवृत्त होईपर्यंत झालीच नव्हती हे आठवलं आणि ते उठून बसले.

शेवटी चिंतामणराव म्हणाले की माणूस थकला पाहिजे. म्हणून ते अच्युतरावांना चालायला विद्यापीठाच्या आवारात घेऊन गेले. झाडं बरी होती. चिंतामणराव थकले आणि एका कट्ट्यावर बसले. अच्युतराव पाणी शोधत एका जुन्या इमारतीत शिरले. पाणी सापडलं नाही, पण एका खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत अंधार होता, पंखा फिरत होता, समोरच्या पडद्यावर निळ्या झग्यातली एक बाई दिसत होती आणि अंधारात दुसरी एक बाई बोलत होती. फ्लोरेन्स गावच्या कुणा व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाबद्दल. त्याचं लग्न दोनदा ठरून मोडलं होतं.

पायांना जरा आराम म्हणून अच्युतराव मागच्या बाकावर टेकले.

मग निळ्या झग्यातली बाई पडद्यावरून खाली उतरली आणि आपल्या शहरातल्या राजवाड्यासमोर भाजी घ्यायला लागली. मेथीची जुडी तिनं हातात धरून नाकाशी नेली. तिच्यामागे पंख असलेला एक पोरगेला माणूस पिशवी धरून उभा होता, आणि त्यानं चपला देवळाबाहेर काढतात तशा नीट शेजारी शेजारी काढून ठेवल्या होत्या. व्यापाऱ्याचा धाकटा भाऊ लांबून बघत होता. ऊन कोवळं होतं. कोणालाच कुठे जायची घाई नव्हती.

दिवे लागले तेव्हा तासच्या तास संपला होता. चिंतामणराव गेटवर चौकीदाराला अच्युतरावांचं वर्णन सांगत उभे होते.

दुसऱ्या दिवशी अच्युतराव एकटेच गेले. तिसऱ्या दिवशी घरून उशी घेऊन गेले, म्हणजे खुर्चीवरची चपटी गादी. ती बाकाला टेकायला बरी पडे. असे काही दिवस फार चांगले गेले. गालांवर रंग आला. मनोरमाबाईंनी तो तुपाच्या खात्यावर जमा केला.

शिकवणाऱ्या बाई म्हणजे मधुवंती मॅडम, तुकोगंजमधल्या, कलेचा इतिहास त्यांचा विषय. हिंदीत शिकवत, मध्येमध्ये इंग्रजी, आणि चित्रातल्या माणसांबद्दल बोलताना जणू ती कालच भेटून गेली आहेत असं बोलत. एक दिवस त्यांनी अच्युतरावांना दारात गाठलं. अच्युतरावांनी गादी पाठीमागे लपवली. मॅडमनी विचारलं, आपण कोण? अच्युतराव म्हणाले, मला या विषयाची ओढ आहे. यात खोटं काही नव्हतं.

मॅडम विरघळल्या. म्हणाल्या, “तुम्ही मागे बसून सारखी मान हलवता ना, ते मला इथून दिसतं. बाकीची मुलं मोबाइल बघतात. वाटतं, चला, एकाला तरी पटून राहिलंय.”

अच्युतरावांनी पाठीमागची गादी घट्ट धरली. त्यांनी मान हलवली.

पण नियम होता. बाहेरच्या माणसाला वर्गात बसता येत नव्हतं. रीतसर प्रवेश घ्यावा लागणार होता. आणि प्रवेश म्हटल्यावर जे काय होतं ते झालं.

खिडकीतल्या बाबूनं आधी कॉलेज सोडल्याचा दाखला मागितला. तो मिळाला, कुमुदिनीनं तो वधूपरीक्षेच्या फोटोंबरोबर जपून ठेवला होता. मग बाबू म्हणाला, शिक्षणात खंड पडलेला दिसतो. अच्युतरावांनी मान्य केलं की पडला आहे. किती? तर बाबूनं बोटांवर हिशेब केला, मग बोटं पुरली नाहीत म्हणून शेजारच्याला विचारलं. तेव्हा मधल्या काळात आपण दुसरीकडे कुठे शिक्षण घेतलं नाही आणि कुठल्याही गुन्ह्यात सापडलो नाही, असं शपथपत्र द्यावं लागेल. अच्युतराव कोर्टात जाऊन नोटरीसमोर बसले. नोकरी, लग्न, मुलगी, घराचं कर्ज, सासूबाईंचं आजारपण, सगळं आयुष्य त्या शपथपत्रात “खंड” म्हणून गेलं. नोटरीनं शिक्का मारताना सहज विचारलं, इतकी वर्षं काय केलं काकासाहेब? अच्युतराव म्हणाले, झोपत होतो चांगला.

मग रॅगिंगचं निघालं. मी कोणत्याही कनिष्ठ विद्यार्थ्याचा छळ करणार नाही, यावर विद्यार्थ्याची आणि पालकाची सही हवी होती. अच्युतरावांनी सांगून पाहिलं की पालक आता राहिले नाहीत. बाबूला वाईट वाटलं, पण रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. कोणीही चालेल, म्हणाला, घरचा, शेजारचा, बस मोबाइल नंबर चालू असला पाहिजे.

अशा रीतीनं, वयानं दोन वर्षांनी लहान असलेले चिंतामणराव मुजुमदार अच्युतरावांचे पालक झाले. सही त्यांनी एवढ्या गंभीरपणे केली की अच्युतरावांना उगाचच नमस्कार करावासा वाटला.

शेवटची अडचण ही की या अभ्यासक्रमाबरोबर एक परकीय भाषा घेणं सक्तीचं होतं. जर्मनच्या जागा भरल्या होत्या. फ्रेंच उरली होती. आणि फ्रेंचचा वर्ग म्हणजे अच्युतरावांची शिक्षाच होती. खोलीला चार खिडक्या, वर ट्यूबलाइटी, आणि शिकवणारी शिखा नावाची तरुण मुलगी, जी कोणालाही दोन मिनिटं गप्प बसू देत नसे. कॉलेजातली पोरं आणि अच्युतराव, सगळ्यांना जोड्या करून एकमेकांशी बोलावं लागे. अच्युतरावांची जोडी देवांश नावाच्या एका मुलाशी होती. तो त्यांना एकीकडे “अंकलजी” म्हणे आणि दुसरीकडे, धडा तसा असल्यामुळे, वेटर समजून कॉफी मागवी. अच्युतराव ती आणून देत. कॉफीबरोबर काही नमकीन हवं का, हेही त्यांनी स्वतःच्या मनानं विचारलं. तेव्हा शिखा मॅडम म्हणाल्या, सर, फ्रान्समध्ये असं विचारत नाहीत. अच्युतरावांना त्या देशाची काळजी वाटली.

झोपायची सोय नसल्यामुळे नाइलाजानं त्यांना फ्रेंच येऊ लागली.

इथपर्यंत गोष्ट त्यांच्या हातात होती. ती हाताबाहेर गेली पालकांमुळे. विद्यापीठाची व्यवस्था अशी होती की विद्यार्थ्याच्या हजेरीचा संदेश पालकाच्या मोबाइलवर जाई. चिंतामणरावांना निवृत्तीनंतर कोणी अधिकृत असं काही कळवलं नव्हतं. ते रोज वाट बघत. फ्रेंचच्या हजेरीत एकदा घट दिसली तेव्हा ते तडक घरी आले आणि अच्युतरावांना समोर बसवून म्हणाले, “हे बघ अच्युत, मी सही केलीय. उद्या मला बोलावलं तर मी तिथे काय तोंड दाखवू?”

“पाठ दुखत होती,” अच्युतराव म्हणाले.

“पाठ सगळ्यांचीच दुखून राहिलीय भिया. अभ्यास कोण करणार?”

मात्र कलेच्या इतिहासाची हजेरी पूर्ण होती. एकही तास चुकला नव्हता. सबंध वर्गात असा एकच विद्यार्थी, असा संदेशच आला. तो चिंतामणरावांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. चिंतामणराव मंडळाचे चिटणीस. मंडळाची चैत्रातली व्याख्यानमाला जवळ आली होती आणि एक वक्ता ऐन वेळी भोपाळलाच अडकला होता.

मराठी माणसाची एक समजूत असते. जो रोज कुठेतरी जाऊन ऐकतो, त्याला एक दिवस बोलता येतं. मंडळानं ठराव केला: अच्युतराव बक्षी यांचं ‘युरोपातील चित्रकला’ या विषयावर सचित्र व्याख्यान, आधी शाल-श्रीफळ. मनोरमाबाईंनी सुचवलं की अध्यक्षस्थानी त्यांच्या मॅडमनाच बोलावू. सगळ्यांना ते फार शोभून दिसेल असं वाटलं.

अच्युतरावांनी हिशेब केला. मॅडम ऐकायला बसणार, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांना कळणार की हा माणूस इतके दिवस फक्त झोपला आहे. मग मागचा बाक गेला. बाक गेला म्हणजे झोप गेली, आणि पुन्हा ती घरातली शांतता. ते चिंतामणरावांना म्हणाले, मला सभेची सवय नाही. चिंतामणराव म्हणाले, पालक म्हणून सांगतो, तुला यातून खूप शिकायला मिळेल.

आता एकच उपाय होता, पुढच्या तासांना जागं राहायचा. अच्युतरावांनी तो करून पाहिला. तासाआधी कडक चहा घेतला, गादी घरी ठेवली, पहिल्या बाकावर बसले. मॅडमनी दिवे मालवले आणि म्हणाल्या, इस घर में दो बहनें थीं, और दोनों की आपस में बातचीत बंद थी. अच्युतरावांना एवढंच आठवतं. त्यानंतर त्या दोघी बहिणी सराफ्याच्या खाऊगल्लीत एका बाकड्यावर बसून एकाच द्रोणातली रबडी खात होत्या, बोलत मात्र नव्हत्या, आणि त्यांच्या डोक्यांवर सोनेरी वलयं होती, ती दुकानदार फडक्यानं पुसून देत होता.

तेव्हा अच्युतराव वाचनालयात गेले, दिसेल त्या पुस्तकातून उतरवून काढलं आणि मोठी मोठी पानं तयार केली. मॅडमनी कौतुकानं वर्गात दाखवायची आपली चित्रं पेन ड्राइव्हवर दिली.

मंडळाचं सभागृह त्या संध्याकाळी भरलं. डाळ-पन्हं आधीच झालं होतं. अच्युतरावांना शाल घातली गेली, नारळ दिला गेला, चिंतामणरावांनी परिचय करून देताना “आमचा अच्युत” असं दोनदा म्हटलं. अध्यक्ष मधुवंती मॅडम चित्रं नीट दिसावीत म्हणून पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या, काठाची साडी नेसून. मग दिवे मालवले, पडद्यावर चित्र आलं, आणि अच्युतरावांच्या लक्षात आलं की अंधारात कागद वाचता येत नाही.

त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली. मागून कोणीतरी म्हणालं, उजेड बंद करा, चित्र दिसत नाही. त्यांनी बंद केली. सभागृहात फक्त पंख्यांचा आवाज राहिला. पडद्यावर हिरव्या झग्यातली एक बाई नवऱ्याशेजारी उभी होती. चित्रकाराचं नाव, साल, शैली, काही म्हणजे काही आठवेना. अच्युतराव नुसते बघत राहिले. आणि बघता बघता तोंडातून निघून गेलं:

“ही बाई रागावलेली आहे.”

पुढची रांग जरा हलली. आता कारण सांगणं भाग होतं. अच्युतराव म्हणाले की झग्याचं कापड नवऱ्यानं आणलं, पण जाताना बरोबर आपल्या बहिणीला घेऊन गेला, हिला विचारलं नाही. रंग बहिणीच्या आवडीचा. हिला निळा हवा होता. आता चित्र काढायला उभं केलंय, म्हणजे हा हिरवा रंग जन्मभर भिंतीवर राहणार. नणंद समोरच उभी आहे, चित्राबाहेर, तिकडे हिची नजर बघा.

सगळ्यांनी बघितलं. होती खरी नजर तशी.

पुढचं चित्र आलं. त्यातला म्हातारा कोणाचा कोण लागतो, त्यानं कुत्रं का पाळलं, ते कुत्रं सुनेला का आवडत नाही, हे अच्युतराव सांगत गेले. हे आपल्याला कुठून सुचतंय ते त्यांना कळत नव्हतं, पण आवाज कुठे खाली घ्यायचा, कुठे “हो की नाही” म्हणायचं, हे सगळं त्यांना येत होतं. चाल त्यांच्या ओळखीची होती. इतकी वर्षं ती कानाशी होती. बोलणारी मात्र नव्हती, म्हणून ते हळूहळू बोलू लागले, मध्येमध्ये जरा थांबत, जसं कोणी शेजारी पडून ऐकतंय.

एकेक चित्र गेलं. चिंतामणरावांची मान छातीवर आली. मनोरमाबाई पलीकडच्या बाईंच्या खांद्यावर कलंडल्या. मागच्या रांगांतून श्वासांचा एक संथ आवाज यायला लागला. या वयाच्या माणसांना रात्रीची झोप कोणालाच नसते. सगळे एकमेकांना तळपाय घासायला सांगत असतात. आता सभागृह शांत निजलं होतं. अच्युतरावांना कोणाला उठवावंसं वाटेना.

शेवटचं चित्र आलं. खिडकीपाशी बसलेली एक बाई, समोर मांडलेलं टेबल. खाली नाव फ्रेंचमध्ये होतं. ते मात्र अच्युतरावांना वाचता आलं. ‘ला फाम की आताँ.’ वाट पाहणारी बाई.

“हिनं दोन ताटं मांडली आहेत,” अच्युतराव म्हणाले.

आणि थांबले. दुसरं ताट कोणाचं ते त्यांना सांगता येईना. पंखे फिरत होते. शालीत उकडत होतं.

“मग?” अंधारातून कोणीतरी विचारलं.

मधुवंती मॅडम जाग्या होत्या. तेवढ्या एकट्याच.

“मग पुढे काय झालं, बक्षीसाहेब?”

“ते मला माहीत नाही, मॅडम.”

“या चित्रावर मी अख्खा तास बोलले होते. तुम्ही वर्गात होतात.”

“होतो,” अच्युतराव म्हणाले. “झोपलो होतो.”

“त्या दिवशी?”

“रोजच.”

अच्युतरावांनी टेबलाची कड धरली. संपलं, त्यांच्या मनात आलं. उद्यापासून तो बाक नाही. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते म्हणाले, “घरी झोप येत नाही. मंडळी गेल्यापासून. ती अंधारात बोलायची. तुम्ही बोलता तेव्हा येते. तुमच्या शिकवण्यात काही कमी नाही.”

पुढच्या रांगेत खुर्ची करकरली. मॅडम उठून पडद्यापाशी आल्या. चिंतामणरावांच्या पायांना धक्का लागू नये म्हणून त्या जरा वळसा घेऊन आल्या. चित्राचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. त्यांनी टेबलावरच्या दोन्ही ताटांकडे बघितलं.

“तुमच्या त्या हिरव्या झग्यातलं एकही अक्षर खरं नाही,” त्या म्हणाल्या. “शोधून आणलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही. मी ऐकत बसले, कारण नणंदेला निळा का आवडत नव्हता, ते मला कळायला हवं होतं.” मग त्यांनी आवाज खाली घेतला, लोक झोपलेले होते. “बसा. ही बाई चित्रकाराच्या घराच्या समोरच राहायची. तिचा नवरा जहाजावर होता. ताट मात्र ती त्याच्यासाठी मांडत नव्हती.”

अच्युतरावांनी एक खुर्ची आवाज न करता ओढून घेतली आणि बसले. मॅडम सांगत होत्या. समोरच्या खिडकीतून चित्रकाराला रोज काय दिसायचं, टेबलाजवळची दुसरी खुर्ची संध्याकाळी कशी भिंतीकडे सरकायची, आणि शेजारणीनं एकदा धीर करून विचारलं तेव्हा ती बाई कशी हसली. अच्युतरावांचे डोळे सवयीनं जड व्हायला लागले. खिडकी पडद्यावरून पुढे यायला लागली. त्यांनी शाल काढून बाजूला ठेवली, ताठ बसले आणि डोळे चोळले.

मॅडम श्वास घ्यायला थांबल्या.

“मग?” अच्युतरावांनी विचारलं.